पणजीला जायचं तर बुधवारी

बेळगावातनं पणजीला जाणाऱ्यांत सरळ दोन तट पडतात. पहिला रविवारी नाष्टापाणी उरकून दहाला निघतो, दीड-दोनला पणजीत उतरतो, निम्मी दुकानं बंद बघतो, मिळेल तिथं रांग लावून तळाला गेलेली आमटी भातावर ओढतो, मिरामारच्या वाळूत फोटो काढतो आणि "काय की, नुसतं महाग" म्हणत घाट चढतो. दुसरा तट आठवड्याच्या मधल्या वारी पहाटे साडेपाचला निघतो आणि तेवढ्याच पैशात तृप्त होऊन परततो. शहर तेच, खाणावळी त्याच. चुकतो तो वार, नाहीतर घड्याळ.

वाराचा हिशेब आधी. गोव्यातल्या बहुतेक हिंदू घरांत सोमवार 'शिवराक', म्हणजे मासळी वर्ज्य. गुरुवार-शनिवार पाळणारेही पुष्कळ. सोमवारी बाजारात गिऱ्हाईक नसतं, गिऱ्हाईक नाही म्हणून माल कमी, आणि खाणावळीत तव्यावर पडतो तो बहुधा बर्फात रात्र काढलेला मासा. रविवारी उलटा घोळ. मासळी चांगली असते, पण पणजी हे कचेऱ्यांचं गाव. अठरा जून रस्त्यावरची दुकानं आणि नोकरदारांच्या जिवावर चालणाऱ्या जुन्या खाणावळी-कॅफेंपैकी बऱ्याच त्या दिवशी बंद असतात. उघडी राहतात ती प्रवाशांवर जगणारी. राहिले मंगळवार, बुधवार, शुक्रवार. मंगळवार आपल्याकडेच बऱ्याच घरांत देवीचा म्हणून पाळतात, आणि शुक्रवारी दुपारपासून शहरात बाहेरची गर्दी उतरायला लागते. म्हणून बुधवार.

महिन्यांचाही हिशेब आहे. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात जायची बंदी असते. त्या काळात थाळी मिळत नाही असं नाही. नदी-खाडीतला शेवटा, चोणक, काळुंद्र मिळतं, सुकी मासळी असते. पण जुलैत ताटात जाडजूड इसवण (आपण सुरमई म्हणतो ती) आली तर ती एकतर शीतगृहातली, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरनं ट्रकने आलेली. तिकडची बंदी १४ जूनला उठते, त्यामुळे माल मिळतो, पण वाटेत बर्फावर दिवस घालवून. पावसाळ्यात गेलात तर वेटरला मासा कुठला हे विचारण्यापेक्षा "नदीचं काय आहे?" हे विचारा. ऑगस्टात ट्रॉलर बाहेर पडले की सुंगटं, म्हणजे कोळंबी, सगळ्यात आधी आणि मुबलक येते. थाळीसाठी ऑक्टोबर ते मार्च हा काळ सर्वांत बरा.

जायची वाट चोर्ल्याची. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी अशी, साधारण ११० ते १२० किलोमीटर. स्वतःची गाडी असेल तर तीन तास, बसने साडेतीन धरा. अनमोडमार्गे गेलात तर लांबचा फेरा पडतो. गोवा सरकारच्या कदंबाच्या आणि आपल्या वायव्य कर्नाटक परिवहनच्या, दोन्ही गाड्या मध्यवर्ती बसस्थानकावरनं सुटतात. एक गोष्ट बायकांनी लक्षात ठेवावी: शक्ती योजनेचं मोफत तिकीट गोव्याच्या आंतरराज्य गाडीत चालत नाही, पूर्ण तिकीट काढावं लागतं. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे धुकं, खड्डे आणि पडलेली झाडं हे तिन्ही गृहीत धरून तासभर जास्त ठेवा. केरीला उतरेपर्यंत वळणं संपत नाहीत, गाडी लागणाऱ्यांनी पोटात फार भरून चढू नये. वाटेत बोलायला विषय हवा असेल तर हा घ्या: पणजीच्या कठड्यावरनं जी मांडवी बघायला आपण एवढं जातो, ती आपल्याच खानापूर तालुक्यात उगवलेली म्हादई.

बस पाट्टोच्या कदंबा स्थानकावर सोडते. तिथनं ओरें खाडीवरचा पूल ओलांडला की जुनी पणजी. साडेनऊच्या आत पोचलात तर पहिलं काम भाजी-पाव. कॅफे तातो, कॅफे भोंसले ही त्यातली जुनी नावं. मागायची पद्धत साधी: 'पातळ' म्हणजे वाटाण्याची किंवा चण्याची खोबरं घातलेली रसभाजी, 'सुकी' म्हणजे बटाट्याची, आणि 'मिक्स' म्हणजे खाली सुकी, वर पातळ. पहिल्यांदा जाणाऱ्याने मिक्स घ्यावी. सोबत पाव हवा तो पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, मऊ लादीचा नव्हे. उंडो मिळाला तर उत्तम. त्याची साल जरा कडक असते आणि रसात बुडवल्यावर पोतेऱ्यासारखी लोंबत नाही. केळं घातलेला गोडसर बनही इथं भाजीशीच खातात. हे आपल्या जिभेला आधी विचित्र वाटतं, दुसऱ्या घासाला पटतं. भाजी दहा-साडेदहापर्यंत खरी. पुढे मिळते ती वाढवलेली.

आता थाळी, जिच्यासाठी ही सगळी धावपळ.

वेळ सव्वाबारा ते एक. हे बंधन समजा. साध्या खाणावळीत हुमण, म्हणजे मासळीची आमटी, सकाळी एकदाच होतं. पहिली पंगत त्याच जाडीचं खाते, दोननंतरच्या पंगतीला त्यात गरम पाणी पडलेलं असतं. ओळखायला चव लागत नाही. चांगलं हुमण चमच्यावरनं ओघळताना पाठीमागे थर सोडतं. खोबरं गंधासारखं वाटलेलं असतं, दाताखाली चोथा येत नाही. वाढवलेलं हुमण भातावर ओतलं की पाणी खाली पळतं आणि खोबऱ्याचा रवाळ थर वर राहतो. तसं दिसलं तर मुकाट भात-सोलकढी खा आणि पुढच्या वेळी लवकर या.

ताटात साधारण एवढं येतं: उकड्या तांदळाचा भात, हुमणाची वाटी, किसमूर, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, एक भाजी, लोणचं, सोलकढी आणि रव्यात तळलेला एक मासा किंवा तुकडा. ती भाजी कोबीची असली तर ओळख दाखवा. गोव्याच्या ताटातली भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावच्याच मार्केटातनं रात्रीच्या ट्रकने गेलेली असते.

बहुतेक जण तळलेल्या माशावरनं हॉटेल जोखतात. चूक. जोखायचं ते किसमूरवरनं. किसमूर म्हणजे भाजलेली बारीक सुकी सुंगटं, ओलं खोबरं, कच्चा कांदा, मिरची आणि आंबटपणाला कोकम किंवा चिंच. यात शिजवायचं काही नसतं, फक्त वेळेवर कालवायचं असतं. पंगतीच्या तोंडावर कालवलं तर सुंगट दाताखाली कुरकुरतं आणि खोबरं ओलं राहतं. सकाळी कालवून ठेवलं तर कांद्याचं पाणी सुटतं, सुंगट चिवट होतं आणि सगळ्याला एक उग्र वास धरतो. ज्या स्वयंपाकघरात दोन चमचे किसमूर वेळेवर कालवायची शिस्त आहे, तिथं बाकीचंही चांगलंच असतं. हा नियम सहसा फसत नाही.

तळलेल्या माशाचं असं. रवा मासळीला घट्ट धरून असला पाहिजे. काट्याने टोचताच रव्याचा अख्खा पापड सुटून बाजूला झाला तर समजावं, मासा बर्फातनं काढून नीट निथळलाच नाही. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि तिने कवच उचललं. रव्याला काळे ठिपके म्हणजे तेल जुनं, आदल्या घाण्याचा जळका रवा त्यात तरंगतोय. बांगडा असेल तर पाठीच्या काट्यालगत बघा: ताज्याचं मांस पाकळ्यांनी सुटतं, शिळ्याचा भुगा होतो. रेशाद मसाला भरलेला बांगडा वेगळा मागावा लागतो. तो पाठीकडनं चिरून, आत मिरची-लसूण-व्हिनेगरचा लाल मसाला दाबून तळतात. आपल्या तिखट खाणाऱ्या माणसाला पणजीत खरं समाधान त्यानेच मिळतं.

कारण हुमणात तो जाळ नसतो. तांबड्या रश्श्याच्या मापाने ते मोजू नये. रंग लाल, चव आंबट-गोडसर आणि मागनं येणारा तिरफळाचा वास. तिरफळ फक्त बांगडा-तारल्यासारख्या तेलकट मासळीत घालतात. सुंगटांच्या हुमणात कांदा, आणि मोसम असेल तर अंबाडे. तिरफळ आमटीत काळपट, फुटक्या टोपीसारखं दिसतं. ते चावायचं नसतं, ताटाच्या कडेला काढून ठेवायचं. चुकून चावलं तर जीभ पाच मिनिटं बधिर होते आणि पाण्याने काही होत नाही. भाताचा कोरडा घास घ्या. भाकरी मागू नका. हे भाताचं जेवण आहे, चपातीने हुमण खाणं म्हणजे आमरस चमच्याने खाण्यासारखं. चालतं, पण मजा अर्धी.

पैशाचं. भात आणि हुमण बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, मासा नाही. थाळी साध्या जागेत दोनशेच्या आगेमागे, वातानुकूलित ठिकाणी त्याहून बरीच वर. पण बिल फुगतं ते थाळीने नव्हे, तर बाजूला मागवलेल्या 'फ्राय'ने. पापलेट, चोणक, खेकडा यांच्यापुढे दर न लिहिता 'साइजप्रमाणे' लिहिलेलं असतं. ट्रेमध्ये मासे आणून दाखवतात, बोट ठेवायच्या आधी त्याच माशाचा दर विचारा. विचारण्यात काही कमीपणा नाही, पणजीकरही विचारतात. अठरा जून रस्त्यावरचं रिट्झ क्लासिक नाव कमावून आहे आणि कमावलेलं खरं आहे, पण एकनंतर तिथं जिन्यात उभं राहायची तयारी ठेवा. मांडवीच्या काठाला दिव्यांच्या माळा लावून बसलेल्या जागांविषयी एवढंच म्हणता येतं की तिथं वाऱ्याचेही पैसे लागतात.

मासळी घरी न्यायची असेल तर ती खरेदी जेवणाआधी. पालिकेच्या बाजारात सकाळी माल भरपूर असतो, संध्याकाळी राहिलेला. कल्ला उचलून बघा: लाल आणि ओला हवा, तपकिरी किंवा धुतल्यासारखा फिका नको. डोळा फुगीर, पोट दाबल्यावर खळगा राहू नये. २०१८ साली फॉर्मेलिनच्या संशयाने गोव्यात रान पेटलं होतं तेव्हापासून लोक वासाकडे उलट्या बाजूने बघतात. मासळीला मासळीचा वास अजिबातच नसेल तर तेही चांगलं लक्षण नाही. साफ करून घ्या, पण तुकडे घरी करा. कापलेला भाग बर्फाच्या पाण्यात पांढरा पडतो आणि चव पाण्याला जाते. थर्माकोलच्या डब्यात खाली बर्फ, मग प्लॅस्टिक पिशवीत बांधलेली मासळी, वर पुन्हा बर्फ. दोन किलो मासळीला दोन किलो बर्फ. डबा दिवसभर हातात घेऊन हिंडता येत नाही, म्हणून हे गाडीवाल्यांचंच काम. बसने आलेल्याने सुकी मासळी घ्यावी आणि तीही दुहेरी पिशवीत, नाहीतर जांबोटीपर्यंत शेजारचा माणूस बोलत राहतो.

बाजार आणि थाळी यांच्या मधल्या वेळेत फेरीबोट. पणजीहून बेतीला जाणारी सरकारी फेरी पायी माणसाला फुकट आहे. पाच-सात मिनिटांचा प्रवास, दुचाक्या आणि हापिसात जाणाऱ्या माणसांच्या मधे कठड्याला टेकून. नदीच्या मध्यावरनं पणजीची सगळी रांग एका नजरेत येते. जुनं सचिवालय, टेकडीवरचं आल्तिनो, झाडांतनं डोकावणारी छपरं. संध्याकाळच्या पैसेवाल्या जलसफरींपेक्षा हे सरस. त्या तासाभराच्या सफरीत देखणी, फुगडी, कुणबी नाच दाखवतात हे खरं, पण दोन नाचांच्या मधे ध्वनिक्षेपकावर हिंदी गाणी लावून प्रवाशांनाच नाचायला बोलावतात आणि तेच लांबतं. लहान मुलं सोबत असतील तर वरच्या डेकवर मागची जागा धरा, कर्णे पुढे असतात. कॅसिनोंचा विषय इथं नाही.

जेवणानंतर पणजी झोपते. ही अतिशयोक्ती नव्हे. एकपासून साडेतीन-चारपर्यंत बरीच दुकानं शटर ओढतात, आणि बेळगावकराचा सगळ्यात जास्त वेळ इथंच वाया जातो. उन्हात फोंताइन्हासच्या, म्हणजे जुन्या पोर्तुगीज वस्तीच्या, गल्ल्या तुडवू नका. त्या संध्याकाळी पाचनंतर किंवा सकाळी आठला. ती लोकांची राहती घरं आहेत, दाराशी पाय पसरून फोटो काढणाऱ्यांना वैतागून काहींनी पाट्या लावल्या आहेत. या वेळेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे तियात्र, गोव्याचं गाण्यांचं कोंकणी नाटक. दुपारी साडेतीनच्या सुमाराचे खेळ कांपालच्या कला अकादमीत किंवा शहरातल्या दुसऱ्या सभागृहात लागतात. भिंतीवरची भित्तिपत्रकं बघा किंवा चर्चजवळच्या कुठल्याही चहावाल्याला विचारा. नाटकाचे 'पड्डे', म्हणजे प्रवेश, आणि दोन पड्ड्यांच्या मधे पडद्यापुढे येऊन म्हटलेली 'कांतारां', असा त्याचा बाज. कथेशी गाण्याचा संबंध असतोच असं नाही. बरीच कांतारां चालू राजकारणावर असतात आणि टाळ्या त्यांनाच जास्त. बार्देश-साष्टीची कोंकणी कानाला लवकर धावते, पहिली वीस मिनिटं निम्मं सुटतं, मग सवय होते. संगीत नाटकावर वाढलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचाही वाटेल आणि बंडखोरही. कला अकादमीची इमारत चार्ल्स कोरिया यांची. खेळ नसला तरी मागच्या बाजूने नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसायला मिळालं तर बसा.

सणावारांचं वेगळं. कार्निव्हल लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, आधीचे चार दिवस, आणि पणजीतली मिरवणूक शनिवारी. कार्निव्हलचा राजा किंग मोमो, चित्ररथ, नाच. पण अलीकडे जाहिरातींचे रथ मधे मधे घुसतात आणि दोन रथांतलं अंतर वाढत जातं, माणूस उन्हात उभा राहून कंटाळतो. शिगमो त्यापेक्षा आपल्या रक्ताला जवळचा. होळीनंतर निघणाऱ्या पथकांचे ढोल, ताशे, कासाळें (मोठ्या झांजा) एका लयीत आले की छातीत धडधडतं. कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेतलेली घोडेमोडणी मिरवणुकीत दिसते ती नमुन्यापुरती. ती खरी बघायची तर सत्तरीत, गावच्या देवळासमोर. म्हणजे आपली बस ज्या केरीवरनं जाते त्याच पट्ट्यात. तारखा गावोगाव वेगळ्या असतात. दोन्ही मिरवणुकींची अडचण एकच. त्या दुपारी सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालतात, रस्ते बंद होतात आणि परतीची बस चुकते. त्या दिवशी मुक्कामाची खोली आधी घेतली नसेल तर जाऊ नये.

मुक्कामाशिवाय जमणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे फेऱ्या. फेरी म्हणजे जत्रेचा बाजार. एक गोकुळाष्टमीच्या सुमारास मांडवीकाठी भरणारी अष्टमीची फेरी, दुसरी ८ डिसेंबरच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या फेस्ताची, म्हणजे सणाची. घरगुती भांडी, खुर्च्या, कपडे यांसाठी पणजीकर वर्षभर थांबतात. आपण घ्यायचं ते खाजें: बेसनाच्या काड्यांना आलं घातलेल्या गुळाचा लेप. चांगल्या खाज्याचा गूळ कोरडा असतो, बोटाला चिकटला तर पाक कच्चा राहिलाय आणि दोन दिवसांत त्याचा गोळा होणार. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीचे नरकासुर आपल्याकडच्या किल्ल्यांसारखेच पोरांच्या मेहनतीचे, आणि आवाजाच्या बाबतीत आपल्याला लाजवतील असे. २० नोव्हेंबरला सुरू होणारा चित्रपट महोत्सव २००४ पासून इथंच भरतो. त्याचं प्रतिनिधी कार्ड आधी ऑनलाइन काढावं लागतं, दारात उभं राहून काही मिळत नाही. तो महोत्सव, ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त आणि नाताळ यांमुळे नोव्हेंबरअखेरीपासून खोल्यांचे दर चढेच.

गोड न्यायचं तर बेबिंक. कुंदा ज्याला कळतो त्याला बेबिंक समजावून सांगावा लागत नाही. दोन्हीत मुख्य घटक म्हणजे आचेपाशी उभं राहणाऱ्याचा वेळ. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, मैदा, तूप, जायफळ. एक थर ओतायचा, वरनं आच देऊन तपकिरी करायचा, मग तूप लावून पुढचा. घेताना कडेने बघा: थर मोजता आले पाहिजेत आणि नखाने एकेक सुटला पाहिजे. सगळा एकजीव चॉकलेटी दिसला तर घाईत भाजलाय. फोंताइन्हासमधल्या ३१ जानेवारी रस्त्यावरच्या जुन्या बेकरीत सुट्टा तुकडा चाखता येतो, मग डबा घ्यावा. खोक्यातल्या कारखानी मालाला जायफळाऐवजी अर्काचा वास येतो. अंडं न खाणाऱ्यांसाठी दोदोल आहे.

तियात्राला किंवा मुक्कामाला थांबणार नसाल तर परतीची बस पाचच्या आत पकडा, चोर्ला अंधारात उतरण्यापेक्षा चढणं बरं असलं तरी धुकं दोन्हीकडे सारखंच. मार्च ते मे गेलात तर उराक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, तिथंच प्या. गोव्यातली बाटली परवान्याशिवाय कर्नाटकात आणणं गुन्हा आहे आणि कणकुंबीच्या नाक्यावर अबकारीची माणसं पिशव्या उघडून बघतात. मासळीचा डबाही उघडायला लावतात, म्हणून त्याला टेप एकपदरी मारा आणि थोडी टेप सोबत ठेवा.